जावयाने आणलेलं ऑइल

बाबा, मंडपवाला आज सकाळी खुर्च्या घेऊन गेला. एका खुर्चीचा पाय मोडला म्हणून माझ्याशी हुज्जत घालत होता. मी म्हटलं, जे बसले होते त्यांना विचारा. तुम्ही असता तर मला आत पाठवलं असतं आणि त्याला चहा पाजला असता. बाहेरच्याशी गोड बोलायचं आणि घरच्याने गिळायचं, ही तुमची रीत. तुमच्यासोबत ती या घरातून जाईल असं मला वाटलं होतं.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. सगळं केळापूर होतंच, पांढरकवड्याहून माणसं आली, झरीकडच्या गावांतूनही आली. त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजलीची भाषणं. तुमची शाळा, तुमची नोकरी, समाजमंदिरासाठी तुम्ही केलेली धावपळ, सगळं सांगून झालं. त्यातलं बहुतेक खरं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसल्या जागेवरून हात जोडले. लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही. आवरत नव्हता तो राग. माईकवर जे बोलता येण्यासारखं नव्हतं ते इथे लिहिते आहे. मला बाकी कशाबद्दल बोलायचं नाही. आपल्या जीपमध्ये तुम्ही जे ऑइल ओतलं, त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी चांगलं सांगते. नाहीतर म्हणाल, या पोरीच्या तोंडाला कडूशिवाय दुसरी चव नाही.

लग्न मोडून मी घरी आले तेव्हा माझ्याशी काय बोलावं हे गावात कोणालाच कळत नव्हतं. आई त्याआधीच गेलेली, धाकटी करुणा कॉलेजात. मग एका सकाळी जीपची किल्ली माझ्या पुढ्यात टाकलीत. "घरात बसून भिताडं पायत राह्यशीन तं येडी होशीन. ऊठ, गाडी शिक." त्या वेळी आपल्या भागात माझ्याएवढ्या बाईला गाडी शिकवणारा दुसरा बाप नव्हता. माझा गिअर अडकून खरकन आवाज आला की तुम्ही डॅशबोर्डला थोपटायचे आणि म्हणायचे, "होते बाई, होते, सोस थोडं." माझ्याकडे पाहायचेही नाही. समजूत जीपची काढायचे. ते आठवलं की या सुतकी घरातही मला हसू येतं.

जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी. सरकारी लिलावातून घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, जुन्या घडणीच्या इंजिनाची. तिला तुम्ही कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही, तिच्यापुढे नारळ फोडू दिला नाही. "मशीन हाय ते. त्याले पूजा लागत नाई, ऑइल लागते," असं म्हणायचे. दीक्षा घेतलेल्या बापाचे तुम्ही पोरगे. नवस गेले, अंगारे गेले, उपासतापास गेले. सगळं घासूनपुसून काढलं होतं तुम्ही या घरातून. एकच गोष्ट काढायची राहिली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली.

ऑइल कसं घ्यायचं ते तुम्ही मला पांढरकवड्याच्या दुकानात शिकवलं. दुकानदाराने एक चकचकीत डबा पुढे केला. नवीन माल आहे, सगळे हेच नेतात म्हणाला. तुम्ही डबा फिरवून माझ्या हातात दिलात. "पुढून डबा सगळेच पायतात. तू मांगून वाच." मागे बारीक अक्षरं आणि आकडे. मला त्यातलं काही कळेना, तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून समजावलंत. आपल्या इंजिनात एक दांडा फिरतो. त्याच्यावर उंचवटे असतात. ते उंचवटे टॅपेट नावाच्या दट्ट्याच्या सपाट बुडाला घासतात आणि त्याला वर ढकलतात, तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत त्या जागी बारीक चाक असतं, ते घरंगळतं. आपल्याकडे लोखंडावर लोखंड घासतं, मध्ये फक्त ऑइल. म्हणून नुसतं गुळगुळीत ऑइल कामाचं नाही. त्यात झीज अडवणारं औषध पाहिजे, जस्ताचं.

"न्हानीतली बादली पायली न?" तुम्ही म्हणाला होता. "तिले जस्त लावलं असते म्हनून लोखंड टिकते. इथंबी तसंच समज. ऑइल आतल्या आत जस्ताचा हात फिरवत राह्यते. घासाचं तं ते घासते, लोखंड नाई घासत."

घरी येऊन मी मोबाइलवर वाचत बसले. तुम्ही सांगितलं ते अगदी बरोबर होतं, आणि थोडं पुढचंही मला कळलं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा एक भाग असतो. जस्ताच्या औषधात जो फॉस्फरस असतो त्याने तो भाग खराब होतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये हे औषध कमी करून टाकलं आहे. आपल्या सायलेन्सरमध्ये असलं नाजूक काही नव्हतं. होता तो एक गंजका पत्रा. म्हणजे आपल्या इंजिनाला नवीन, महाग, पातळ ऑइल पाजणं म्हणजे चांगलं करायला जाऊन वाईट करणं. आपल्याला जुन्या धाटणीचं जाड, ट्वेंटी-फिफ्टी नंबरचंच हवं, आणि ते नाही मिळालं तर ओझ्याच्या डिझेल गाड्यांचं, कारण त्यात जस्त अजून बऱ्यापैकी ठेवतात. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मान्य केलंत. फक्त जस्ताच्या औषधाच्या वेगळ्या बाटलीचा तुमचा नाद सुटला नाही. ऑइल कोणतंही असो, वरून बाटली ओतायची. मी म्हणायचे, भाजीत मीठ आधीच आहे, वरून आणखी मूठभर कशाला? जास्त जस्तसुद्धा बरं नसतं, डब्यातच बरोबर असेल असं ऑइल निवडा. तुम्ही म्हणायचे, "चार अक्षरं वाचली तं बापाले शिकवते." हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की शेजारच्यांनाही जस्त म्हणजे काय ते पाठ झालं असेल. ते भांडण तसंच राहिलं, बाबा. त्याचं मला काही वाटत नाही. तसली भांडणं तर मला हवी होती.

पुढे मी झरीच्या रस्त्याला गाडी चालवायला लागले. आतल्या पोडांवरच्या, त्या लहान आदिवासी वस्त्यांमधल्या कोलाम बाया बाजाराला, दवाखान्याला न्यायच्या, आणायच्या. पहिल्या दिवशी त्या बिचकल्या. तुम्ही स्वतः पोडावर आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "माही पोरगी चालवते. डोये मिटून बसा." त्या बसल्या. पुढे तर त्यांना माझीच गाडी लागायची, बाळंतपणाच्या बायांना माझाच हात लागायचा, खड्डा आला की मी किती हळू होते याच्या गोष्टी त्या एकमेकींना सांगायच्या. नवऱ्याने टाकलेली बाई ही माझी ओळख पुसली गेली आणि जीपवाली ताई ही झाली. तुमच्या एका वाक्याने मला ती दिली. त्याचे उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर बरं झालं असतं.

आता तो दसरा.

दसऱ्याला जीप घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आणि आदल्या दिवशी ऑइल बदलायचं, हा आपल्या घरचा नेम. जुनं ऑइल खालच्या घमेल्यात गळत होतं. आपला जाड ऑइलचा डबा बाजूलाच ठेवला होता. तेवढ्यात वर्ध्याहून करुणा आणि मिलिंदराव आले, त्यांच्या नव्या गाडीतून. माझी धाकटी बहीण आणि तुमचा धाकटा जावई. मिलिंदरावांनी खाली वाकून पाहिलं, "ऑइल बदलून राह्यले काय बाबा?" म्हणाले, आणि आपल्या गाडीची डिक्की उघडून एक कोरा डबा काढला. "हे टाका. एकदम वरच्या दर्जाचं हाय."

तुम्ही हात सदऱ्याला पुसले आणि तो डबा दोन्ही हातांनी घेतला.

मी मागून वाचलं. पाण्यासारखं पातळ, सगळ्यात नवीन अक्षरांचं. मी तुम्हाला न्हाणीमागे बोलावलं.

"बाबा, हे नका टाकू. हे त्यायच्या गाडीसारख्या गाडीचं हाय. जस्त कमी हाय याच्यात. आपलं इंजिन घासन."

"मले मालूम हाय."

"मालूम हाय तं मंग?"

"मंग काय? जवाई हायेत. सनाच्या दिवशी हातानं आनलं. नाई म्हनू त्यायले?"

"म्हना न. नाईतं मी सांगते. वाईट नाई वाटून घेनार ते."

"तू गप राह्य. एक जवाई तं गेलाच तुह्या पायी. हा तरी राहू दे."

तुम्ही हे बोललात आणि जीपकडे गेलात. तुम्हाला नंतर ते आठवलं की नाही मला ठाऊक नाही. मला रोज आठवतं. तुमचा पहिला जावई माझ्या पायी गेला नव्हता, बाबा. तो माझ्यावर हात उचलत होता. पहिल्यांदा मी सुजलेला दंड घेऊन आले तेव्हाही तुम्ही त्याचा मान राखला होता. मला परत पोचवलं आणि त्याला कपड्यांचा आहेर केला. पुढच्या वेळी मात्र तुम्ही स्वतः मला घ्यायला आलात, त्याच जीपने, आणि माझी पेटी तुम्ही स्वतः उचललीत. मला वाटलं होतं, तुमच्या मनातला तो जावई नावाचा देव त्या दिवशी उतरला. लिंबू-मिरचीसारखाच तोही गेला. न्हाणीमागे कळलं की तो तिथेच आहे, फक्त आता त्याचं नाव मिलिंद आहे.

तुम्ही डब्याचं बूच उघडलंत आणि ओतलंत. तुमची ती जस्ताची बाटलीही या वेळी काढली नाहीत, जावयाच्या डब्यात काही कमी आहे असं दिसलं असतं ना. मिलिंदराव हसून उभे होते. करुणा हसत होती. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. एक गोष्ट मी तुम्हाला कधीच माफ करू शकले नाही. तुम्हाला माहीत नसतं तर मी समजले असते. जुनी माणसं, नवा डबा, चुकतं माणसाचं. पण तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच मला शिकवलं होतं. स्वतःचं शिकवलेलं स्वतःच्या हाताने खोटं पाडलंत, शेवटच्या थेंबापर्यंत.

नागपूरहून परत आल्यावर मी म्हटलं, आता काढून टाकू, आपलं भरू. तुम्ही म्हणालात, "जवाईबापू फोन करून विचारतात, इंजिन कसं चालते म्हनून. काय सांगू? खोटं बोलू?" म्हणून ते ऑइल राहिलं. मिलिंदरावांचा फोन आला की तुम्ही मोठ्याने सांगायचे, "लोन्यावानी चालते!" खोटं तर तुम्ही पुढे बोललातच. ते फक्त माझ्याबद्दल बोललात.

हिवाळ्यात इंजिन टकटक करायला लागलं. जुनं इंजिन थोडं बोलतंच, पण हा आवाज वेगळा होता. गाडी गरम होऊन चौकात थांबली की ऑइलच्या प्रेशरचा दिवा मिणमिणायचा. मी सांगत राहिले, तुम्ही ऐकत राहिलात. मग ओढ कमी झाली, कार्बोरेटरमधून फटफट आवाज यायला लागला. आणि एका बाजाराच्या दिवशी झरीच्या रस्त्यावरचा चढ जीपला चढवेना. मागे बाया भरलेल्या होत्या, कडेवर पोरं. सगळ्या खाली उतरल्या आणि उन्हात पायी चढ चढल्या. त्यांच्यातली म्हातारी भीमाबाई माझ्याजवळ थांबली. "ताई, आज काहून रुसली वं तुही गाडी?" मी म्हटलं, "दुसऱ्याचं ऑइल पाजलं तिले." तिला काय कळणार? ती हसली आणि चालायला लागली.

पांढरकवड्याला शकीलभाईच्या गॅरेजमध्ये तुम्ही आलात. तिथे नेहमीची माणसं बसलेली होती. शकीलभाईने झाकण उघडलं, इंजिन फिरवून पाहिलं. एक व्हॉल्व्ह नीट उघडतच नव्हता. तो तुमच्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, ऑइल कौनसा डालते थे?" त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता तरी. आणि तुम्ही म्हणालात, "ऑइल तं चांगलंच हाय. बाईच्या हातात गाडी देल्ली न मी. दुसऱ्या गिअरात ओढून-ओढून मारलं तिनं इंजिन."

गॅरेजमधली माणसं हसली. शकीलभाईने झाकण परत लावलं.

एवढंच वाक्य होतं. ते पांढरकवड्यापासून झरीपर्यंत कसं गेलं हे मला कळलं नाही, पण गेलं. बापच म्हणतो म्हटल्यावर लोकांना आणखी काय पुरावा पाहिजे? बाईने बापाची गाडी बसवली, इंजिनाची वाट लावली. पोडावरच्या बायांच्या नवऱ्यांनी दुसरी गाडी ठरवली. शाळेच्या गाडीवर मी ड्रायव्हरचं काम मागायला गेले, तर ते म्हणाले, ताई, तुमच्याबद्दल ऐकलं आहे. काय ऐकलं, हे मी विचारलं नाही. मी ज्याला-त्याला ऑइलचं सांगत बसले, जस्ताचं, टॅपेटचं. लोक असे पाहायचे की जणू मी स्वतःची चूक झाकायला पोथी वाचते आहे. घरी तुमच्याशी भांडले, तर तुम्ही म्हणालात, "लोक चार दिवस बोलतीन, भुलून जातीन. तुले काय फरक पडते? तू घरचीच हायेस." घरचीच. म्हणजे मला लागलेलं तुमच्या हिशेबी लागलेलंच नव्हतं.

जीप अंगणात उभी राहिली ती राहिलीच. इंजिन नव्याने बांधून घेऊ म्हटलं तर तुम्ही टाळलंत. आता कळतं की का टाळलंत. इंजिन उघडलं असतं तर आतलं सगळ्यांना दिसलं असतं. मी हायवेवरच्या पंपावर कामाला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत पेट्रोल भरते. एखादी जुनी गाडी आली आणि ऑइल मागितलं तर मी डबा मागून वाचून देते. लोक हसतात, कोणी आभार मानतात. मला चालवायची होती, बाबा. भरायची नव्हती.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुम्हाला दवाखान्यात दुसऱ्याच्या गाडीतून नेलं. मी मागे बसले, तुमचं डोकं मांडीवर घेऊन. रस्ता माझ्या ओळखीचा, एकेक खड्डा ठाऊक असलेला, आणि तो पोरगा प्रत्येक खड्ड्यात गाडी आपटत होता. प्रत्येक वेळी तुमचा चेहरा वाकडा व्हायचा. दवाखान्याच्या दारात तुम्ही त्याचा हात धरून म्हणालात, "चांगला हात हाय बापू तुहा. हळू आनलं." मी तिथेच उभी होते. तुम्ही त्याच्याशी गोड बोललात, कारण तो बाहेरचा होता. तरीही त्यानंतरचे सगळे दिवस मी तुमच्या उशाशी बसले, तुम्हाला भरवलं, पाय चेपले. कर्तव्य म्हणून नाही. माया होती म्हणून. ती आटत नाही, हीच तर माझी अडचण आहे. आणि मी वाट पाहत होते. एकदा तरी म्हणाल, पोरी, ते ऑइलचंच होतं. तुम्ही पाणी मागितलं, पाठीला उशी मागितली, करुणाला फोन लावायला सांगितला, मिलिंदराव जेवले का विचारलं. ते वाक्य काही आलं नाही.

तुम्ही गेल्यावर घर भरलेलं होतं, पण मला बसवेना. मी पान्हे घेतले आणि जीपचं इंजिन उघडलं. करुणा म्हणाली, "ताई, लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, जे म्हणायचं ते म्हणून झालं आहे. टॅपेट बाहेर काढले. बूड आरशासारखं सपाट असायला पाहिजे, पण एकाच्या बुडात खड्डा पडला होता. टॉर्च मारून आत पाहिलं तर त्याला ढकलणारा दांड्याचा उंचवटा झिजून गोल झालेला. दुसऱ्या गिअरात ओढून असं होत नाही. त्याने क्लचप्लेट जाईल, पिस्टन जाईल, इंजिन तापेल. हे घासणं ऑइलचं. मी तो टॅपेट रॉकेलने धुतला आणि ओच्यात ठेवला. का ठेवला, तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

काल भाषणांत किसनकाका उभे राहिले. तुमचे सख्खे भाऊ, त्यांना बोलायचा हक्कच आहे. ते म्हणाले, "माह्या भावाचं काळीज केवढं मोठं, पाहा. जिवापाड जपलेली जीप पोरीच्या हवाली केली. पोरीनं ती बसवली. पन मानूस शेवटपर्यंत तिले एका शब्दानं बोलला नाई." मंडपात सगळ्यांनी हळहळून तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तुमचा मोठेपणा माझ्या नाकर्तेपणावर उभा करून ते खाली बसले.

मी उठले. मिलिंदराव पुढच्या रांगेत होते. त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि तो टॅपेट त्यांच्या हातात दिला. "हे काय हाय ताई?" ते म्हणाले. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. दसऱ्याचा डबा, जस्त, न्हाणीमागे तुम्ही काय म्हणालात, गॅरेजमध्ये काय म्हणालात. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उतरेल, ते उठून जातील, करुणा माझ्याशी बोलणं सोडेल. त्यांनी टॅपेटच्या बुडातल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं.

"पन मले काहून नाई सांगितलं कोनी?" ते म्हणाले. "मी कायले नाराज होतो? तो डबा मी माह्या गाडीसाठी घेतलता ताई. डिक्कीत पडला होता. बाबा ऑइल बदलून राह्यलते म्हनून देऊन टाकला. नाई म्हटलं असतं तं परत ठेवला असता. माह्या गाडीले तेच लागते."

ऐकता ना, बाबा? तो आहेर नव्हता. तो सणाचा मान नव्हता. एका भल्या माणसाच्या डिक्कीत पडलेला डबा होता. तुम्ही 'नको' म्हटलं असतं तर त्याने खांदे उडवून डिक्कीचं झाकण लावलं असतं, आणि आपलं जाड ऑइल भरून मी दुसऱ्या दिवशी नागपूरचा रस्ता धरला असता. ज्याच्या मानासाठी तुम्ही माझं नाव मातीत घातलं, त्याला तो मान नकोच होता. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. मग तुम्ही राखलंत काय? सासरा म्हणून आपलं वागणं जावयापुढे कुठे कमी पडू नये, एवढंच. मी त्यात कुठेच नव्हते. मला याचंच सगळ्यात जास्त लागलं. जावयासाठी मला दूर लोटलं असतं तरी निदान कोणासाठी तरी लोटलं असतं.

मिलिंदराव उठले आणि सरळ माईककडे गेले. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं. त्यांनी टॅपेट वर धरला. म्हणाले, "काका, माफ करा, पन प्रज्ञाताईनं गाडी नाई बसवली. चुकीचं ऑइल पडलं तिच्यात. मीच देल्लं होतं. जुन्या इंजिनले ते चालत नाई, मले मालूम नव्हतं. ताई तेव्हाच सांगत होती." एवढंच बोलून ते खाली उतरले. करुणा पदरात तोंड घालून रडायला लागली.

आणि मंडप बदलला. मी तिथे बसून तो बदलताना पाहिला. किसनकाका म्हणाले, "हो बाप्पा, ऑइलनं होते असं, मी ऐकलं हाय." मागून शकीलभाई उभा राहिला, "सही बात है, कॅम घिस जाता है." कॅम म्हणजे तोच उंचवट्यांचा दांडा, आणि त्याने तर तेव्हाच ओळखलं होतं. शाळेच्या गाडीवाले माझ्याकडे वळून कसंनुसं हसले. जेवणाच्या पंगतीत झरीकडच्या दोघांनी मला विचारलं, ताई, जीप कधी सुरू करता? हेच सगळं मी गावागावांत, दारादारांत, गॅरेजच्या बाकावर, शाळेच्या ऑफिसात सांगत फिरले होते. हेच शब्द, हेच ऑइल, हेच जस्त. एकानेही मान हलवली नव्हती. ते आता एका वाक्यात पटलं, कारण ते जावयाच्या तोंडून आलं.

मी जीप बांधून घेणार आहे. माझं नाव मला परत मिळालं आहे, मिलिंदरावांचे आभारही मी मानले, आणि तरी मंडपवाला गेल्यापासून मी हेच लिहीत बसले आहे. कारण मी तुम्हाला ओळखते. तुम्ही काल त्या मंडपात असता, तर मिलिंदराव बोलून खाली बसण्याच्या आत, सगळ्यांच्या आधी तुम्हीच उभे राहून म्हणाला असता, "जवाईबापू म्हनतात ते बरोबर हाय."